पाहुण्यांचे कप

भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या, पैसे धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलंही नाही, आणि ॲप्रनच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक फोटो काढून माझ्या तोंडासमोर धरला. फोटोत मी होतो. माझी मिशी, माझा करडा स्वेटर, हातात चहाचा कप, आणि सासुरवाडीला जेवायला बसलो की आपोआप येतं तसलं हसू. शेजारी एक उंच, हडकुळा माणूस हातात रिकामा ट्रे घेऊन उभा होता. "हे तुम्ही," भाजीवाला म्हणाला. विचारलं नाही त्याने, सांगितलं. वेलिंग्टनच्या बंदराला लागून दर रविवारी भरणारा हा भाजीबाजार. जूनचं दक्षिणेकडून येणारं वारं तंबूंच्या कनाती फडफडवत होतं, माझी बायको नीलिमा शेजारच्या गाळ्यावर फ्लॉवरचे गड्डे उलटेपालटे करून बघत होती, आणि आमची चौदा वर्षांची इरा त्या थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, आईबापांशी आपला काही संबंध नाही अशा बेताने लांब उभी होती. मला पहिल्यांदा वाटली ती लाज. चोरी सापडल्याची नव्हे, आपला फोटो कुणीतरी आपल्याला न विचारता खिशात घेऊन फिरतंय याची. खरी लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

"हा माझा भाऊ, तोह," तो म्हणाला. "मी ब्लान." त्याचं इंग्रजी मोजक्या शब्दांचं होतं, पण एकही शब्द वाया जात नव्हता. त्याची धाकटी बहीण दोन मुलांना घेऊन अजून सीमेपलीकडच्या कॅम्पमध्ये होती. त्या कॅम्पच्या ऑफिसात हा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, त्याची एक प्रत तिने ब्लानला पाठवली होती. "लोकांना सांगतात, बघा, परत गेलेल्यांना नवं घर मिळालं. परदेशी साहेब येऊन बघून गेले. आता तुम्हीही जा. बुधवारी तिला कागदावर सही करायची आहे. सही केली की ट्रकमध्ये बसवून परत पाठवणार. नाही केली तर कॅम्प बंद होईपर्यंत तिथेच, पुढचं कुणालाच ठाऊक नाही. ती रोज मला फोनवर विचारते, करू का? मी काय सांगू? तोह परत गेल्यापासून त्याचा काही निरोप नाही. मी तिथे नव्हतो. तुम्ही होतात." मागे रांग लागली होती. आणि मी, पुण्यात वाढलेला, चांगल्या घरचा, चारचौघांत कसं बोलावं हे पक्कं ठाऊक असलेला मी, म्हणालो, "तुमचा भाऊ बरा दिसत होता. त्याने आम्हाला चहा दिला." ब्लानने ते शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघितले. चहा दिला. मग त्याने कोथिंबिरीची तिसरी जुडी माझ्या पिशवीत घातली आणि कागदी पिशवीच्या तुकड्यावर आपला नंबर लिहून दिला, काही आठवलं तर कळवा म्हणून. मी तो घडी करून वरच्या खिशात ठेवला.

मी वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात सर्व्हेचे फॉर्म बनवतो. लोकांना काय विचारायचं आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांचे आकडे कसे करायचे, यात माझी उमेदीची वीस वर्षं गेली. त्यामुळे गेल्या वर्षी, दोन हजार सहा साली, एका आंतरराष्ट्रीय संस्थेला तिऱ्हाईत देशांतले निरीक्षक हवे होते तेव्हा साहेबांनी माझं नाव दिलं. देशाचं नाव मी सांगत नाही. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे. तिथल्या डोंगरांत राहणारे लोक, भाषा वेगळी, देव वेगळा, सखल भागातल्या सरकारला कायम खुपणारे. जमिनी गेल्या तेव्हा ते सीमा ओलांडून पळाले आणि पुढे करार होऊन त्यातले काही परत पाठवले गेले. परत गेलेल्यांना कुणी छळत तर नाही ना, हे बघायला आम्ही तिघे. अकरा दिवसांत चोवीस घरं. दर घरापुढे सरकारी जीप, जीपमध्ये पांढऱ्या शर्टातला दुभाषा, तोही सरकारीच. जाताना विमानात मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आपण जगाच्या उपयोगी पडतोय असं वाटायची संधी आमच्यासारख्यांना कितीदा येते? घर, कर्ज, मुलीचं पोहणं, गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये पंचवीस माणसांचा मसालेभात. तेवढ्यात हे. परत आल्यावर नीलिमाने महिनाभर मला "साहेब, चहा घेणार का?" असं विचारून छळलं होतं.

तोहचं घर सतरावं. नवी पत्र्याची शेड, निळा रंग, आत चार खुर्च्या आणि टेबल. तो दारातून आत येताना चौकटीच्या वरच्या लाकडाला त्याचं डोकं आपटलं, सगळे हसले, तोही हसला. मी मनात म्हटलं, उंच माणसाची पंचाईत. मग तो चहा घेऊन आला. पांढरे कप, त्यावर हिरवी रेघ. मी कप उचलला तेव्हा तळाला बोटाला काही खरखरीत लागलं. पाहिलं तर लाल रंगाने काढलेला आकडा, नऊ. सकाळी तालुक्याच्या सरकारी विश्रामगृहात मी ज्यातून चहा प्यायलो होतो त्याच्या तळाला चार होता. तीच हिरवी रेघ, तोच लाल रंग. खुर्चीच्या पायालाही तसलाच आकडा. म्हणजे आम्ही नाश्ता करून उठलो आणि आमच्याआधी आमचे कप जीपने डोंगर चढून आले. हे मला कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. कळलं, आणि माझा हात आपसूक कप खाली ठेवायला गेला, आकडा दिसणार नाही असा. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरी कप नसतील, पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून मागून आणले असतील. हे बघून न बघितल्यासारखं करणं, यालाच तर घरंदाजपणा म्हणतात. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. माझ्या शेजारी नॉर्वेचा निरीक्षक होता, त्याला हे कुठून कळणार? फॉर्मवर 'घरात पुरेसं सामान' याच्यापुढे मी खूण केली, आणि 'इतर निरीक्षणे' ही अर्धं पान मोकळी सोडलेली चौकट तशीच मोकळी ठेवली.

घरंदाजपणा मी शिकलो त्या माणसाचं नाव चंद्रहासराव. माझ्या ताईचे, अनुराधाचे, सासरे. एकोणीसशे एकोणऐंशी साल, ताईला बघायला मंडळी येणार होती. आमच्याकडे धड चार डिश सारख्या नव्हत्या, म्हणून आईने शेजारून सहा स्टीलच्या डिश मागून आणल्या. त्यांच्या काठावर नाव घातलेलं होतं: चि. पुरुषोत्तम यास मुंजीप्रीत्यर्थ. आमच्या घरात पुरुषोत्तम नावाचा मनुष्य सात पिढ्यांत नव्हता. आई पोहे काठापर्यंत भरून देत होती, नाव झाकायला. पण पोहे खाल्ले की संपतात, हे तिच्या लक्षात आलं नाही. चंद्रहासरावांनी शेवटचा घास घेतला, पुरुषोत्तम उघडा पडला. मी दाराशी उभा राहून बघत होतो. त्यांनी ती ओळ वाचली, वर बघितलं नाही, आणि पिळलेली लिंबाची फोड उचलून बरोबर नावावर ठेवली. संध्याकाळी आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. वडील डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, असल्या घरात मुलगी द्यायची नाही तर कुठे द्यायची! मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि माणूस असावा तर असा, हे माझ्या मनात तिथेच कायमचं बसलं.

बाजारातून आल्यावर नीलिमा कोथिंबीर निवडत बसली. "तिसरी जुडी कशाला घेतलीस?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, कपांसकट. ती निवडायची थांबली. "मग तू त्याला बरा दिसला म्हणून काय सांगितलंस?" "बरा दिसत होता खरंच." "अरे, पण कप त्याचे नव्हते ना." मी म्हटलं, कप नसणं हा काही छळ नाही. ती म्हणाली, "नाही. पण कप मागायला तो गेला की ते आणून दिले, हे तुला कुठे माहितेय?" हे तिने चिडून म्हटलं असतं तर मला बरं पडलं असतं, मीही चिडलो असतो. ती सरळ प्रश्न विचारत होती. फ्रिजमधून दूध काढणारी इरा आमचं मराठी ऐकत होती, ती वळून इंग्रजीत म्हणाली, "डॅड, जस्ट रिंग द गाय." मी तिला म्हटलं, बाळ, ते तेवढं सोपं नसतं, कागदावर सही आहे, संस्था आहे, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या फेरीसाठी मला परत बोलावलंय. "स्वीट अ‍ॅज," इरा म्हणाली, इथल्या पोरांच्या भाषेत 'छानच की', आणि वर निघून गेली. या दोन शब्दांत ती मला किती ठिकाणी कापते, तिला कल्पना नाही. किंवा असेल.

दुपारभर मी तोहचं डोकं दाराला आपटताना बघत होतो. उंच माणूस दुसऱ्याच्या घरात डोकं आपटतो. स्वतःच्या घरात दोन दिवस आपटेल, तिसऱ्या दिवशी त्याची मान आपोआप वाकेल. तो तिथे चार महिने राहत होता, असं फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आणि चहा आणताना तो कुठून आला? घराला मागचं दार नव्हतं. तो बाहेरून आला, जीपच्या बाजूने. मी हे सगळं तेव्हाही पाहिलं होतं, डोळे काही मिटलेले नव्हते. मी प्रत्येक गोष्टीवर लिंबाची फोड ठेवत गेलो. आणि फोडी ठेवायची सवय काही त्या डोंगरात लागली नव्हती, ती त्याआधीची होती. लग्नानंतर आठ महिन्यांनी ताई मिरजेहून एकटी परत आली, एका पिशवीनिशी. काही बोलेना. बाराव्या दिवशी वडील आणि चंद्रहासराव यांची अत्यंत सभ्य भाषेत बोलणी झाली आणि ताईला परत पाठवण्यात आलं. महिन्याने आईने मला धाडलं, "जरा बघून ये, कशी आहे ती." मी गेलो. चंद्रहासरावांनी माझ्या इंजिनिअरिंगची चौकशी केली. ताईने चहा आणला. आईने लग्नात तिला चाळीसेक भांडी दिली होती, प्रत्येकावर तिचं नाव घालून. मी समोर पाहिलं तर मांडणीवर नवा कागद घातलेला होता, कातरलेली झालर वगैरे, आणि वर चार भांडी. बाकी मांडणी रिकामी. नवरा भांडी विकून पितो हे आम्हाला कळायला पुढे सहा वर्षं लागली. पण मांडणी रिकामी आहे हे मला त्या दिवशी दिसलं होतं. मी घरी येऊन सांगितलं, मजेत आहे.

ताई आता मिरजेतच असते, शाळेतून निवृत्त झाली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दर रविवारी आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की मी तिला फोन करतो; तिकडे साडेअकरा वाजलेले असतात, तिचा कुकर लागलेला असतो. हवा, गुडघे, इराची परीक्षा. हे फोनही आता फॉर्मसारखे झालेत. त्या रविवारी मी हवा सोडून दिली.

"ताई, एक विचारू? मी त्या वेळी मिरजेला आलो होतो, आईने पाठवलं होतं. आठवतं?"

"चकल्या घेऊन आला होतास. निम्म्या मोडलेल्या."

"तेव्हा तू मजेत नव्हतीस ना?"

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केलेला ऐकू आलं. "आज काय झालं तुला? नीलिमाशी भांडलास का?"

"नाही गं. मग तू मला का नाही सांगितलंस? मी तुझ्यासमोर बसलो होतो."

"चारू," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, इतक्या वर्षांत तो कधीच वाळून गेला असावा, "तू विचारलंस कुठे? तू आत आलास, चप्पल काढलीस आणि म्हणालास, मजेत ना? त्याला काय उत्तर असतं सांग. मामंजी बसलेले. मी म्हटलं, हो. तू इतका सुटल्यासारखा हसलास, मला तुझीच दया आली." मग तिने कुकर खाली उतरवलेला ऐकू आला. "मांडणीकडे बघताना मी तुला पाहिलं होतं. वाटलं, आता विचारेल. तू चहा प्यायलास."

नंतर आम्ही पुन्हा तिच्या गुडघ्यांवर आलो. फोन ठेवला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होतो आणि नीलिमाने माझ्यापुढे ताट ठेवलं, काही न विचारता. मला तोहच्या घरातला फॉर्म आठवला. त्या फॉर्मवरचा बारावा प्रश्न माझ्यासारख्याच कुणीतरी मोठ्या विचाराने घातला होता: परत आल्यापासून तुमच्याबाबतीत काय काय घडलं ते सांगा. चोवीसपैकी चोवीस घरांत तो तसाच वाचून दाखवायचा होता. शिकवताना मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगतो, प्रश्नात उत्तर घालू नका. आणि तोहच्या घरात, तो हातात रिकामा ट्रे घेऊन उभा असताना, पांढऱ्या शर्टवाला त्याच्या खांद्याशी असताना, मला तो प्रश्न उद्धट वाटला. परक्याच्या घरी चहा पिऊन असं विचारायचं? मी दुभाष्याकडे वळून म्हणालो होतो, सगळं ठीक आहे ना, विचारा त्यांना. तोहने मान हलवली. मी हसलो. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात बसून संस्थेला ईमेल लिहिली. सतराव्या घराच्या अहवालात दुरुस्ती: कपांवरचे आणि खुर्च्यांवरचे आकडे, दाराची चौकट, चहा बाहेरून आला, प्रश्न मी बदलून विचारला, आणि हे सगळं मला त्या वेळी दिसलं होतं. शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. खाली नाव घातलं, चारुदत्त, हुद्द्यासकट. लगेच उत्तर आलं, तुमचा संदेश मिळाला, दहा दिवसांत संपर्क करू. बुधवार दोन दिवसांवर होता. सप्टेंबरमध्ये आता कुणी बोलावणार नाही हे मला कळत होतं, त्याचं वाईटही वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मग मी वरच्या खिशातला कागद काढला. ब्लान म्हणाला, पाच वाजता घरी असेन, पोरिरुआ, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं.

ट्रेन बोगद्यांतून बाहेर पडली. डब्यात ऑफिसातली माणसं पेपरात डोकं घालून बसली होती, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मऊ शब्द शोधत होतो. शक्यता आहे की. कदाचित असं असू शकेल की. आयुष्यभर मी या शब्दांवर पोट भरलं. त्यातला एकही ब्लानच्या बहिणीला उपयोगी नव्हता. तिला करू की नको, एवढंच हवं होतं. ब्लानचं घर सरकारी, बैठं, पुढे गवत. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत त्याने दार उघडलं, आत एकच खुर्ची होती, ती बघून तो म्हणाला, "थांबा," आणि मोज्यांनीच शेजारी जाऊन दुसरी उचलून घेऊन आला. "शेजाऱ्याची आहे. सहाला परत हवी आहे त्याला, त्याचा मुलगा जेवायला येतो." आपल्याकडे खुर्ची नाही हे त्याने मला असं सांगून टाकलं, जसं कुणी आज सोमवार आहे म्हणून सांगतो. मी त्या खुर्चीवर बसलो. मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईने बोललो.

"तिला सांगा, सही करू नकोस. ते कप त्याचे नव्हते. खुर्च्याही नव्हत्या. आम्ही जिथे उतरलो होतो तिथून आणल्या होत्या. मी पाहिलं होतं. मी लिहिलं नाही."

ब्लानने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. तो माझ्यावर ओरडला नाही. मी ओरडण्याची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. त्याने फोटोत भावाच्या मागे दिसणाऱ्या बुटक्या दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दार?"

"दाराला त्याचं डोकं आपटलं. तो त्या घरात राहत नसावा."

नसावा. एवढा एक मऊ शब्द तरी सुटलाच. ब्लानने फोन उचलला, खूप आकडे दाबले, आणि कुणाला तरी बोलावून आणायला सांगितलं असावं, कारण तो फोन कानाशी धरून वाट बघत बसला. भिंतीपलीकडून शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू येत होता. मग पलीकडे एका बाईचा आवाज आला, बारीक, लांबचा. ब्लान बोलायला लागला. त्यातला तोह एवढाच शब्द मला कळत होता, आणि एकदा त्याने हाताने कपाळावर मारून दाखवलं, जणू तिला दिसणार होतं. तिने काहीतरी विचारलं. तिने तेच पुन्हा विचारलं. त्याने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"ती सही करणार नाही," तो म्हणाला. "पण ती विचारते आहे, ते घर त्याचं नाही, तर मग तोह कुठे आहे?"

दारावर टकटक झाली. शेजारी खुर्ची न्यायला आला होता. मी उठून उभा राहिलो.

"मी विचारलं नाही," मी म्हणालो.